पेटी, ऑक्टोपॅड आणि तीन पिढ्या : चर्चमध्ये एकत्र वाजवण्यातला आनंद येतो कुठून?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका तरुणानं विचारलं आहे : "आमच्या मंडळीत पेटी आणि तबला वाजवणारे साठी-सत्तरीचे काका-आबा आहेत. आम्ही पोरं गिटार, कीबोर्ड, ऑक्टोपॅड वाजवतो. पाळकसाहेबांनी दोन्ही गट एक केले. शनिवारी सराव होतो, पण कुणालाच मजा येत नाही. आम्हाला गाणी रटाळ वाटतात, त्यांना आमचा गोंगाट वाटतो. एक रविवार त्यांचा, एक आमचा असं वाटून घ्यावं का? की एकत्र वाजवण्यात खरंच काही आनंद असतो?"

भाऊ, सलाम. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते : असतो, आणि भरपूर असतो. मी आमच्या गावच्या मंडळीत कितीतरी वर्षांपासून पेटी वाजवते. तबल्यावर माझे सासरे असतात, ऑक्टोपॅडवर, म्हणजे विजेवरच्या ड्रम-पॅडवर, भाचा, गाणाऱ्यांत माझी मुलगी आणि खंजिरीवर शाळकरी पोट्टे. शेतीची, घरची, शाळेची सगळी कामं मी करते, पण रविवारी सकाळी हे सगळे एका गाण्यात उतरतात तेव्हा जे वाटतं ते दुसऱ्या कशात मिळत नाही. मात्र हा आनंद एका सतरंजीवर बसवलं की आपोआप येतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्यासाठी काही गोष्टी जुळवाव्या लागतात. त्यातल्या बऱ्याच साध्या कारागिरीच्या आहेत, म्हणून त्या शिकता येतात.

तुम्ही हे भांडण जुन्या आणि नव्या गाण्यांचं म्हणून मांडलं आहे. आजूबाजूच्या गावांतल्या सरावांना बसून मला जे दिसलं ते वेगळं आहे. आबांनाही नवं गाणं आवडतं, ते शेतात गुणगुणतात. पोरांनाही जुनी गाणी आवडतात, लहानपणापासून कानावर असतात. अडचण असते ती गाण्याची लय कोणाच्या हातात, याची. जुन्या रीतीत मंडळी गाते आणि पेटी-तबला साथ करतात. ओळीच्या शेवटी बाया श्वास घ्यायला थांबल्या की पेटीवाला तो सूर धरून ठेवतो, तबलेवाला जरा सैल सोडतो आणि सगळे मिळून पुढच्या ओळीवर उतरतात. तुमच्या पिढीनं गाणं मोबाईलवरून उचललं. तिथं लय आधी ठरलेली असते आणि गाणारा तिच्यात बसतो. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकाच गाण्यात एकाच वेळी चालत नाहीत. ऑक्टोपॅड पुढं निघून जातो, तबला मागं राहतो, मधल्या मधे मंडळी अडकते. मग एकाला गाणं रटाळ वाटतं आणि दुसऱ्याला गोंगाट.

उपासनेत लय मंडळीची, हे माझं स्पष्ट मत आहे. ती काका-आबांचीही नाही आणि तुमचीही नाही. समोर बाकावर आणि सतरंजीवर बसलेली माणसं गायला आलेली आहेत, ऐकायला नाही. म्हणून कीबोर्डमधली तयार ताल वाजवणारी 'स्टाईल' उपासनेत बंद ठेवा, कारण ती कुणासाठी थांबत नाही. ऑक्टोपॅड हातानंच वाजवा.

हे ऐकून हात बांधल्यासारखं वाटेल, पण खरी गंमत इथंच सुरू होते. माझा भाचा सुरुवातीला खाली पॅडकडे बघून वाजवायचा. सासरे त्याला म्हणत, "पोट्ट्या, बाया दम घेऊन राह्यल्या, थांब ना मंग जरासा." किती थांबायचं ते त्याला कळेना. मग त्यानं गाणाऱ्या बायांच्या खांद्यांकडे बघायला सुरुवात केली. श्वास घेताना खांदे किंचित वर येतात; ते खाली यायला लागले की समेवर हात टाकायचा. हे त्यानं स्वतः शोधलं, कुणी शिकवलं नाही. आता तो आणि सासरे एकमेकांकडे न बघता समेवर येतात. दोघांच्या वयात पन्नासेक वर्षांचं अंतर आहे, पण त्या एका क्षणी दोघांचं लक्ष एकाच ठिकाणी असतं. त्यानंतर भाचा चेहरा फुलवून माझ्याकडे बघतो. तुम्ही विचारलेला आनंद तो हाच.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते. तुमच्याकडे वाजवणारे किती, गाणारे किती, जागा केवढी, हे मला माहीत नाही. दोन गटांमागे दोन घरांची जुनी भाऊबंदकी असेल तर ती संगीतानं सुटणार नाही. ती आधी पाळकसाहेबांनी आणि वडीलधाऱ्यांनी बसून सोडवावी. एखाद्या काकांना ऐकूच कमी येत असेल तर त्यांची जागा आणि काम वेगळं ठरवावं लागेल. आणि दोन्ही गट केवळ आदेश आला म्हणून बसत असतील तर आधी एखादं जेवण एकत्र करा. यातलं काही नसेल तर पुढचं सगळं तुम्हाला लागू पडेल.

सगळ्यात आधी सूर बघा. कीबोर्ड कारखान्यातून येतो तो पांढरी सहाला, म्हणजे सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला, ४४० हर्ट्झवर (सेकंदाला ४४० कंपनं) जुळवलेला. जुन्या पेटीचे रीड, म्हणजे आतली सूर देणारी धातूची पाती, धुळीनं, पावसाळ्याच्या दमट हवेनं आणि दुरुस्तीत घासले गेल्यानं सरकलेले असतात. पेटी ४४५ ला असेल आणि कीबोर्ड ४४० ला, तर तो एकच सूर दोघांवर धरला की आवाज सेकंदाला पाच वेळा कमीजास्त होतो. सगळ्यांच्या कानाला काहीतरी खुपत राहतं आणि प्रत्येकाला वाटतं समोरचा बेसूर आहे. मोबाईलवर सूर मोजणारं अ‍ॅप फुकट मिळतं. त्यावर पेटीची पांढरी सहा मोजा आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'ट्यूनिंग' त्या आकड्यावर आणा. हे 'ट्रान्सपोज' नव्हे. ट्रान्सपोज पूर्ण पट्टी बदलतं, ट्यूनिंग बारीक सरकवतं. गिटारही पेटीवरूनच लावा. पेटीला जुळवून घेता येत नाही, बाकीच्यांना येतं, म्हणून पेटी सांगेल तो सूर. आणि पेटीचेच सूर आपसात बिघडले असतील तर मात्र तिला आधी कारागिराकडे न्या, इलाज नाही.

मग पट्टी. मोबाईलवरची गाणी तरुण गळ्यांनी उंच गायलेली असतात. तुम्ही तीच पट्टी धरली की धृपदाच्या वरच्या ओळीला म्हाताऱ्या बाया गप्प होतात. वयाबरोबर बायांचा आवाज खाली येतो, तो ताणून वर जात नाही. गाणं दोन-तीन पट्ट्या खाली घ्या आणि काय होतं ते बघा. ज्यांचा आवाज तुम्ही कधी ऐकला नाही अशी माणसं गायला लागतील.

इथं गिटारवाला आणि तबलेवाला यांच्यात कुरबुर होते. गिटारला उघड्या तारांचे सोपे कॉर्ड हवे असतात, पेटीवाल्यांना काळी एक आवडते आणि तबला दर गाण्याला हातोडीनं चढवता-उतरवता येत नाही. आमचा तोडगा असा : तबला काळी एकला लावायचा. त्यावर काळी एकची गाणी तर होतातच, पण काळी तीनचीही होतात, कारण तिथं काळी एक हा पंचम (प) येतो; आणि काळी चारचीही, कारण तिथं तो मध्यम (म) येतो. एवढ्यात जवळपास सगळी उपासना बसते. गिटारवाल्यानं कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका घरात दाबून धरणारा चिमटा, घ्यावा. पहिल्या घरात कॅपो लावून सीचे कॉर्ड वाजवले की काळी एक, तिथंच जीचे वाजवले की काळी चार, दुसऱ्या घरात कॅपो लावून ईचे वाजवले की काळी तीन. आमच्या गिटारवाल्या पोराला हे कळलं त्या संध्याकाळी तो आणि सासरे बराच वेळ नुसते सूर लावून बघत बसले होते. एकाच्या हातात हातोडी, दुसऱ्याच्या हातात कॅपो. गाणं एकही झालं नाही, तरी तो सराव मला सगळ्यात चांगला वाटला.

सूर आणि पट्टी जुळली की निम्म्याहून जास्त कुरकुर थांबते. राहतो तो ताल, आणि त्यात काका-आबांचं ज्ञान तुमच्यापेक्षा जास्त आहे हे मान्य करून चाला. आपल्या जुन्या गाण्यांचे दोन वंश आहेत. एक परदेशी चालींचा, मिशनऱ्यांबरोबर आलेला. दुसरा आपल्या मातीतला, ओवी-अभंगांचा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढं ख्रिस्ती भक्ती अभंगांत, पदांत, कीर्तनांत आणली. मराठी मंडळ्या त्यांची गाणी आजही गातात. अभंगाच्या चालीवर ऑक्टोपॅडचा चारचा सरळ ठोका लावला की शब्द तुटतात, कारण ती चाल आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर डुलत चालते. परदेशी चालीत तीन-तीनचा वजनदार ठोका असेल तर तिथं तबल्यावर दादरा आरामात बसतो, सहा मात्रांच्या एका आवर्तनात तीनचे दोन तुकडे. कोणतं गाणं कोणत्या वंशातलं हे आबांना विचारा. आणि एकदा नुसतं ऐकू नका. ऑक्टोपॅडवर भजनी ठेका हातानं वाजवून दाखवा. त्यांचा चेहरा बघा.

चालींच्या बाबतीत अजून एक भानगड आपल्याकडे आहे. नागपूरकडे स्कॉटिश मिशन, अकोला-बुलढाण्याकडे अलायन्स मिशन, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, अशा वेगवेगळ्या हातांनी आपल्या मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यामुळं एकाच गाण्याच्या दोन चाली भेटतात. एखादी सून अकोल्याकडून आली की तिची चाल वेगळी. आमच्याकडे यावर वाद न घालता एक कडवं एका चालीत आणि एक दुसऱ्या चालीत म्हणून बघितलं होतं. पोरांनाच त्यात जास्त रस वाटला.

लहान पोरांना काय द्यायचं हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तीन पिढ्यांच्या बँडमधली तिसरी पिढी तीच. विदर्भात खंजिरी सगळ्यांच्या हातातली. तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) खंजिरीवरचं भजन गावोगाव नेलं, त्यामुळं आपल्या गावांत धर्म कोणताही असो, खंजिरीचा ठेका कानावर असतोच. पोराला खंजिरी द्या आणि भजनी ठेक्याची फक्त पहिली आणि पाचवी मात्रा वाजवायला सांगा. मधे काही नाही. हात मोकळा असून न वाजवणं त्याला जड जातं, पण त्यातच तो ऐकायला शिकतो.

पोरांसाठी दुसरं काम आहे भात्याचं. आमच्या मंडळीतल्या एका पेटीवाल्या काकांचा डावा खांदा धरला. उजव्या हाताची बोटं अजून चालतात, पण भाता ओढता येईना. त्यांनी पेटी सोडायची ठरवली होती. तेव्हा त्यांची चौथीतली नात शेजारी बसून भाता मारायला लागली. आधी ती ठेक्यावर मारायची, म्हणजे प्रत्येक ठोक्याला पेटी हुंदका दिल्यासारखी वाजायची. काकांनी तिला सांगितलं, भाता तालावर नाही, हवेवर चालवायचा. लांब ओळ यायच्या आधी भरून घ्यायचा आणि हळू शब्द असतील तिथं अंगठ्यानं नुसता टेकवत न्यायचा. लांब ओळ येणार असेल तर ते आपल्या गुडघ्यानं तिच्या गुडघ्याला हलकेच टोचतात. आता टोचायची गरज क्वचित पडते. गाणं कुठं दम घेतं हे त्या पोरीला पुस्तक न उघडता माहीत आहे, आणि जी कडवी आम्ही मोठे विसरलो तीही तिला पाठ आहेत. पेटी एकच, माणसं दोन, आणि दोघांपैकी एकाशिवाय सूर निघत नाही.

आवाजाचं थोडक्यात. वयानं ऐकू कमी येतं ते उंच सुरांपासून, आणि गंमत अशी की मोठा आवाज त्याच कानांना लवकर टोचतो. 'आबांना ऐकू येत नाही तरी गोंगाट म्हणतात' हा विरोधाभास नाही, दोन्ही खरं आहे. टिनाच्या छपराखाली ऑक्टोपॅडच्या झांजेचा पॅड फार बोचतो, तो कमी करा. स्पीकर पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडावर नको. पेटीला एक माईक द्या, नाहीतर कीबोर्डपुढं ती दिसते, ऐकू येत नाही. आणि लाईन जाणारच हे धरून चाला. लाईन गेली की पेटी, तबला, खंजिरी आणि साधी गिटार यांवर गाणं न थांबता पुढं न्यायची तयारी ठेवा. अशा वेळी आपला ऑक्टोपॅडवाला उठून टाळ घेतो. तेवढ्या एका कृतीनं जी जवळीक येते ती भाषणांनी येत नाही.

सरावाची वेळ शेतीवरून ठरवा. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बाया-माणसं थकून येतात, आणि नेमका तोच नाताळच्या तयारीचा काळ. आम्ही तेव्हा सराव लहान करतो आणि कुणाच्या तरी घरी करतो, जिथं अर्ध्या खोलीत कापसाची गंजी असते. कापूस आवाज खातो, त्यामुळं सगळे आपोआप हळू वाजवतात आणि एकमेकांचं नीट ऐकू येतं. नाताळच्या फेरीला पेटी दुपट्ट्यानं गळ्यात अडकवून दारोदार जायचं असतं. ते ओझं तरुणांनी घ्यावं आणि गाणं कोणत्या दारी कोणतं म्हणायचं ते म्हाताऱ्यांनी ठरवावं, कारण कोणत्या घरात यंदा कोण गेलं हे त्यांच्या लक्षात असतं.

त्यावरून एक सांगते. जुनी गाणी शिकाच, आवडो न आवडो. मयतीला लोक जुनीच गाणी म्हणतात. तिथं मोबाईल काढून चाल शोधता येत नाही. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा सासऱ्यांचे हात तबल्यावर चालेनात. भाच्यानं तबला आपल्याकडे ओढला आणि सासूबाईंच्या आवडीचं गाणं त्यांच्याच ठेक्यात शेवटपर्यंत नेलं. ते त्यानं शनिवारच्या सरावांत शेजारी बसून उचललं होतं. वेगवेगळ्या रविवारी वाजवत असते तर त्याला तो ठेका आला नसता.

म्हणून रविवार वाटून घेण्याबद्दल माझं उत्तर : नको. फार ताणलं असेल तर महिना-दोन महिने करा, पण त्या काळातही एक गाणं दर रविवारी सगळ्यांनी मिळून वाजवा. वाटणी एकदा पक्की झाली की 'त्यांच्या' रविवारी तुम्ही मागच्या बाकावर मोबाईल बघत बसाल आणि 'तुमच्या' रविवारी आबा घरी राहतील. मी हे एका गावात होताना पाहिलं आहे. पुढं तिथं पेटी कपाटात गेली आणि पोरं शिकायला शहरात गेली, तेव्हा वाजवायला कुणीच उरलं नाही.

येत्या शनिवारी एवढंच करा. सगळ्यांना येतं असं एकच गाणं घ्या. आधी वाद्यांशिवाय गा, टाळ्यांवर, आणि बाया कुठं श्वास घेतात ते सगळ्या वाजवणाऱ्यांनी ऐका. मग काकांनी पेटीवर उचलावं, तबल्यानं धृपदाला यावं, गिटारनं पहिल्या कडव्याला, ऑक्टोपॅडनं दुसऱ्याला. शेवटच्या कडव्याला सगळी वाद्यं बंद करून फक्त खंजिरी ठेवा आणि मंडळीला गाऊ द्या. तेवढं जमलं की थांबा, दुसरं गाणं काढू नका. पेटीची पांढरी सहा किती हर्ट्झ निघाली आणि गाणं कोणत्या पट्टीत बसलं ते मला लिहून कळवा, म्हणजे नाताळच्या गाण्यांची पट्ट्यांप्रमाणे यादी आपण मिळून करू.